हेदवी ते मांडवी: मित्रांसोबत दगड बघण्याचा एक दिवस

कोकणात दगड बघायला जायचं म्हटलं की समोरून उत्तर ठरलेलं असतं: "त्यासाठी गाडी कशाला काढताय? परसात हवे तेवढे पडलेत." खोटं नाही ते. पण परसातला चिरा, किनाऱ्यावरचा काळा कातळ आणि रत्नागिरीच्या मांडवीवरची काळी वाळू ही तिन्ही एकाच घराण्यातली. हे एका दिवसात स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं तर गाडी काढावीच लागते.

नातं थोडक्यात असं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि काळा पाषाण तयार झाला. पुस्तकातलं त्याचं नाव बेसाल्ट. पुढे लाखो वर्षांच्या ऊन-पावसात त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, तो झाला जांभा. त्याचेच कापून काढलेले ठोकळे म्हणजे चिरे. आणि काळ्या दगडातले जे जड, चिवट कण नद्यांनी समुद्रात नेले आणि लाटांनी पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकले, ती काळी वाळू. खालचा मार्ग याच क्रमाने जातो: सकाळी हेदवीचा कातळ, मग तवसाळहून फेरीबोटीने जयगड, दुपारी चिरेखाण आणि सडा, म्हणजे जांभ्याचा सपाट माथा, संध्याकाळी मांडवी. आदल्या रात्रीचा मुक्काम गुहागरात किंवा हेदवीतच करा. पहाटे चिपळूणहून निघून ओहोटी गाठू म्हणणारे वळणांचा हिशेब धरत नाहीत.

आधी तिथी, मग सुट्टी

या सहलीचा दिवस आपल्या रजेवर ठरत नाही, ओहोटीवर ठरतो. किनाऱ्यावरचा कातळ उघडा पडायला पाणी चांगलं मागे हटलं पाहिजे, तेही उजेडात आणि ऊन चढायच्या आत.

जुन्या लोकांचा हिशेब अजून कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरायची वेळ साधारण कळते. तृतीया असेल तर तीनचे पाऊण म्हणजे सव्वादोन. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांचं अंतर धरलं तर ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. पौर्णिमेला हाच हिशेब केला तर भरती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी सगळ्यात जास्त हटतं, पण ते हटतं तेव्हा आपण अंधारात चाचपडत असतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असल्यामुळे ते फार मागे जातही नाही. म्हणून माझ्या मते उत्तम दिवस म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या तृतीया ते पंचमी. उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ओहोटी सकाळी, साडेआठ ते दहाच्या दरम्यान मिळते.

हा ढोबळ हिशेब कॅलेंडरावर दिवस निवडायला पुरतो. निघण्याआधी मात्र त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. मुंबईचं कोष्टक रत्नागिरीला लावू नका. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि पाण्याच्या चढउताराची उंचीही कमी होत जाते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचा इशारा देते, तोही आदल्या दिवशी तपासा. आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावर जाळं झटकत बसलेल्या माणसाचा. "काका, पाणी कधी फिरणार?" एवढं विचारलं की मोबाइलवर नसलेली माहितीही मिळते, उदाहरणार्थ कुठल्या खडकावर आज जाऊ नये.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किनाऱ्याचा विचारही करू नका. ऑक्टोबरात कातळावरचं शेवाळ पुरतं वाळलेलं नसतं. मार्चपासून सडा इतका तापतो की दुपारी तिथे उभं राहवत नाही. त्यातल्या त्यात नोव्हेंबर मला जास्त आवडतो. पावसाळी लाटांनी किनाऱ्यावरची हलकी वाळू ओढून नेलेली असते, त्यामुळे खडक उघडे असतात आणि काळ्या वाळूचे थरही जाड दिसतात. उन्हाळ्याकडे जाता जाता वाळू परत येते आणि बरंच काही झाकून टाकते.

माणसं आणि सामान

पाच-सहा जण पुरे. एका गाडीत मावतील एवढेच. दोन गाड्या झाल्या की एक गाडी हमखास चहाला थांबते आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही. कामं आधी वाटून द्या. एकाकडे घड्याळ आणि पाण्यावर नजर, आणि "चला" म्हटलं की बाकीच्यांनी उठायचं, वाद नाही. एकाकडे वही. उरलेले हिंडतील. घड्याळाचं काम ज्याला दगडात सगळ्यात कमी रस आहे त्याला द्या. दर कंपूत असा एक असतोच आणि तोच सगळ्यांना सुखरूप परत आणतो.

सामान फार लागत नाही. सोनाराकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग. जुन्या स्पीकरमधलं चुंबक, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. पोलादी चाकू. काचेचा छोटा तुकडा, कडा घासलेला. न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशीचा फुटका तुकडा, ज्याची मागची बाजू खरखरीत आहे. छोट्या बाटलीत व्हिनेगर, दुसऱ्या बाटलीत फवाऱ्याने मारायला गोडं पाणी. वर्तमानपत्राची रद्दी, बंद होणाऱ्या पिशव्या, पक्क्या शाईचं पेन, वही. एक नारळाची करवंटी, आतून घासून गुळगुळीत केलेली. तिचं काम संध्याकाळी.

हातोडी एकच न्या, आणि तीही सुट्या पडलेल्या दगडासाठी. घरातली खिळे ठोकायची हातोडी चालत नाही, तिच्या तोंडाचे टवके उडतात. पाथरवटाची किंवा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांची हातोडी घ्या. छिन्नी म्हणून दुसरी हातोडी कधीही वापरू नका. पोलादावर पोलाद आपटलं की उडणारा कण थेट डोळ्यात जातो. फोडणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, आणि बाकीचे चार हात लांब. चपला घालून आलेल्याला गाडीतच बसवा.

पाणी माणशी तीन लिटर. सड्यावर ना झाड, ना टपरी. मीठ घातलेलं कोकम सरबत बरोबर असेल तर दुपार निभावते.

हेदवी: कातळ वाचायला शिका

उमा-महेश्वराच्या देवळापाशी गाडी ठेवून किनाऱ्याने चालत बामणघळीकडे जा. भरतीला या अरुंद चिरेतून पाणी उसळतं ते बघायला लोक येतात. आपल्याला ती रिकामी हवी आहे, म्हणजे ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. घळीच्या काठावर ओणवून आत बघू नका. काठ गुळगुळीत आहे आणि एखादी लाट इतरांपेक्षा मोठी येतेच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा-मार्गावर अशाच लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत, आणि तो कातळही असाच काळा, दिसायला भरवशाचा.

पहिली पंधरा मिनिटं काहीही उचलायचं नाही, असा नियम करा. नुसतं उभं राहून कातळातल्या भेगा बघा. लाव्हा थंड होताना आकसला, तेव्हा त्याला तडे गेले. काही भेगा पुढे समुद्राने धरल्या. लाट भेगेत शिरते, आतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की दाब सुटतो, आणि असं हजारो वर्षं होत राहिलं की दगडाचे तुकडे सुटत जातात. घळ म्हणजे वाढत गेलेली भेगच. तिच्या रेषेत जमिनीकडे बघितलं की तिची लहान भावंडं दिसतात.

मग खाली बसा. सुटा पडलेला एक दगड घ्या, वरून तपकिरी दिसणारा. तो फोडला की आत गडद करडा, जवळजवळ काळा निघतो. वरचा तपकिरी पापुद्रा म्हणजे गंजलेलं लोह. ताज्या फुटीवर फवारा मारा आणि भिंग डोळ्याला लावून दगड डोळ्याजवळ आणा; भिंग दगडाजवळ नेऊन आपण लांबून बघायचं नसतं, सगळे नवखे तसंच करतात. दगड सूर्याकडे हळूहळू फिरवला की करड्या पिठात बारीक, लांबट काड्या चमकतात. ती फेल्डस्पार. आता चुंबक दोऱ्याला टांगून त्याच फुटीजवळ न्या. ते हलकेच दगडाकडे झुकतं. दगडात लोहाचं खनिज, मॅग्नेटाइट, विखुरलेलं असल्याचा हा पुरावा. हा प्रयोग लक्षात ठेवा, संध्याकाळी याचंच दुसरं टोक मांडवीवर दिसणार आहे.

काही थरांत कातळ भोकाभोकांचा असतो. ते लाव्हातले वायूचे बुडबुडे. नंतर त्यांत गरम पाणी झिरपलं आणि खनिजं जमली. दगड जमवणाऱ्यांचा जीव या भोकांत अडकलेला असतो. त्यात काय भरलंय ते ओळखायला तीन झटपट चाचण्या:

चाकूने ओरखडा काढा. ओरखडा पडला नाही आणि त्या तुकड्याने काचेवर रेघ उठली, तर ती गार, म्हणजे क्वार्ट्झ, किंवा तिचाच मेणचट भाऊ कॅल्सेडनी. त्यात पट्टे दिसले तर अकीक. मोहच्या काठिण्य-मापनात गारेचा क्रमांक ७, काच आणि चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ही परीक्षा सहसा फसत नाही.

ओरखडा सहज पडला तर तिथली थोडी पूड काढून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. व्हिनेगर सौम्य असल्यामुळे अखंड दगडावर ते सुस्त वागतं, पुडीवर लगेच बोलतं. पण दगडावर शिंपल्याचा चुरा चिकटलेला असेल तर तोही फसफसतो. किनाऱ्यावर ही फसगत फार होते, म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवा.

फसफसलं नाही, ओरखडा पडतो, आणि पांढऱ्या तंतूंचे किंवा पानांचे झुबके दिसतात, तर बहुधा झिओलाइट. झिओलाइटसाठी महाराष्ट्राचं नाव जगभर झालं ते मुख्यतः पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींमुळे. तिथल्यासारखे मोठे स्फटिक किनाऱ्यावर मिळतील ही आशा ठेवू नका, लाटा आणि खारं पाणी नाजूक गोष्टी टिकू देत नाहीत. पण भिंगाखाली मुगाएवढ्या पोकळीतलं झिओलाइटही बघत राहावं असं असतं. भोकाच्या कडेला हिरवट मऊ लेप दिसला तर ते सेलाडोनाइट. तांब्याचा गंज समजून उड्या मारू नका.

उभ्या कातळावर, पायाखालच्या फरसावर हातोडी चालवायची नाही. एक घाव घातला की ती पांढरी जखम वर्षानुवर्षं दिसते. शिवाय चांगला नमुना अखंड कातळातून नीट निघत नाही, चुरा होतो. समुद्राने आधीच फोडून ठेवलेलं भरपूर असतं.

वहीत लगेच लिहा: क्रमांक, तारीख, ठिकाण, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, दगड सुटा होता की जागेवरचा, आणि भोवती काय होतं. "नंतर लिहू" म्हणून खिशात टाकलेला दगड दुपारपर्यंत बाकीच्या दगडांत मिसळतो आणि मग त्याची किंमत शून्य. माणशी मूठभर, एवढीच मर्यादा ठेवा. गाडीच्या डिकीत धोंडे भरणारा मित्र असेल तर त्याच्या हातात वही द्या. लिहावं लागलं की माणूस आपोआप कमी उचलतो.

फेरीबोट, जयगड आणि चिरेखाण

हेदवीहून तवसाळला या, तिथे गाडीसकट फेरीबोटीत बसून खाडीपलीकडे जयगड. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोटीवरून दोन्ही काठांकडे बघा: माथा सपाट. तो सपाट माथा म्हणजे सडा, आपला दुपारचा मुक्काम.

जयगडला उतरल्यावर वेळ असेल तर नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ बघा. देवळाखाली समुद्राच्या अगदी कडेला गोमुखातून गोडं पाणी येतं. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं. खाली त्याला पाणी न सोडणारा थर लागला की ते आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी बाहेर पडतं. कोकणातल्या कितीतरी बारमाही झऱ्यांमागे हेच गणित आहे. उन्हाळ्यात सड्यावरच्या वाडीत टँकर आणि खालच्या वाडीत वाहता झरा, असं का असतं त्याचंही उत्तर यातच.

वाटेत चिरेखाणी लागतात. चालू खाणीत मुकादमाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. "काका, दगड बघायचाय, फोटो काढू का?" म्हटलं तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, फार तर "सोनं गावलं तर आमाला पण सांगा" एवढं ऐकावं लागतं. यंत्राच्या पात्यांपासून लांब राहा, ती लाल धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. बंद पडलेल्या खाणीच्या कडेला तर जाऊच नका. भिंती उभ्या कापलेल्या, तळाला पावसाचं पाणी साचलेलं, आणि चढून यायला काही आधार नाही. दरवर्षी अशा खाणींत पोरं बुडतात.

खाणीची कापलेली भिंत मात्र वाचण्यासारखी असते. अगदी वर कडक, काळपट-तपकिरी कवच, यालाही कातळच म्हणतात. त्याखाली लाल-पिवळा जाळीदार जांभा, हाच चिऱ्यांचा थर. खोल कापलेलं असेल तर त्याखाली मऊ, पांढरट-जांभळट चिकणमाती, आणि तिच्याही खाली सडत चाललेला काळा पाषाण. जिथे हा तळ रस्त्याच्या कापात उघडा पडतो, तिथे गोल गोल धोंडे दिसतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. बेसाल्टचा जांभा होण्याची सुरुवात ती हीच. सकाळी हेदवीला हातात घेतलेला करडा तुकडा शेजारी धरून बघा.

ताज्या कापलेल्या चिऱ्यावर कोयत्याने रेघ ओढता येते. तोच चिरा उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो, कारण त्यातली लोहाची संयुगं सुकून घट्ट बसतात. गवंडी ताजा चिरा लगेच भिंतीत घालायला कुरकुरतो त्यामागे हे आहे. आता फरशीचा तुकडा काढा आणि जांभ्याचे वेगवेगळ्या रंगाचे कण खरखरीत बाजूवर घासा. गडद कण लालसर रेघ देतो तो हेमाटाइट, पिवळट-तपकिरी रेघ देतो तो गोएथाइट. दगड दिसतो काळा आणि रेघ उमटते लाल, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही, तो पुन्हा पुन्हा घासत बसतो. बसू द्या, पण घड्याळवाल्याला विचारून.

जेवण जयगड किंवा मालगुंडला उरका. सुट्टीच्या दिवशी गणपतीपुळ्याच्या रांगेत गाडी घातलीत तर सडा विसरा.

सड्यावर

तीन वाजता सड्यावर चढा, आधी नाही. एक तर ऊन. दुसरं म्हणजे कलती उन्हं लागली की कातळावरची उथळ खोदाई उठून दिसते. जयगड-निवळी रस्त्याच्या बाजूला चवे, देऊड या गावांच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात खोदलेली जुनी चित्रं आहेत. गावात विचारून, शक्य असेल तर गावातला माणूस बरोबर घेऊन जा. सड्यावर वाट नसते, सगळीकडे सारखंच दिसतं, आणि जमीन कुणाची तरी असते. कलमांच्या बागेतून आडवं घुसलात तर राखणदार बोलेल आणि त्याचं बरोबरच असेल.

२०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं सिंधुदुर्गातलं कुडोपी, नववं गोव्यातलं. उक्षीचा खोदलेला हत्ती चिऱ्यांच्या गडग्याने राखलेला आहे. सड्यावरचा दगड वरून कडक आणि आत मऊ, म्हणून तो असा खोदता आला असावा असं चिरेखाण बघून आलेल्याला सहज सुचतं. शिल्पांच्या रेषेवर चालू नका, फोटोसाठी खडू किंवा रांगोळी भरू नका, आणि आसपासचा एकही तुकडा उचलू नका. इथे पिशवी गाडीतच राहू द्या.

मोबाइलमधलं होकायंत्र मात्र काढा. देवाचे गोठण्याच्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ते ठिकाण राजापूर तालुक्यात, या वाटेवर नाही, पण जांभ्यात लोह सगळीकडेच आहे. होकायंत्र कातळाला टेकवून आणि मग छातीच्या उंचीवर धरून दिशा बदलते का, एवढं चार-सहा जागी बघायला काय हरकत आहे?

आता फुरशाबद्दल, आणि हे नीट वाचा. रत्नागिरीचा सडा म्हणजे फुरशाचं घर. हातभर लांबीचा, मातकट, दगडाच्या रंगात मिसळणारा साप, आणि दगडाखाली बसण्याची सवय. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतो. तो ऐकू आला तर जागच्या जागी थांबा, आवाज कुठून येतो ते बघा, मग मागे सरा. दगड उलटायचाच असेल तर बोटं खाली घालायची नाहीत. काठीने पलीकडची कड उचला, म्हणजे दगड तुमच्याकडे कलतो आणि तुमच्यात व सापात ढाल म्हणून उभा राहतो. आपल्या बाजूची कड उचललीत तर खालचं सगळं तुमच्या पायांकडे येतं. बघून झाल्यावर दगड होता तसा ठेवा.

साप चावलाच तर चिरणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काही करू नका. माणसाला हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. लाल विंचवालाही हलक्यात घेऊ नका. त्याचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि कोकणातले मृत्यू कमी झाले. म्हणजे उपाय आहे, पण तो दवाखान्यात आहे. उतारा देणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही.

मांडवीची काळी वाळू

साडेचारला सडा सोडा. साडेपाचपर्यंत रत्नागिरीत पोचलात तर भरती उतरू लागलेली असते, आणि नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू हेच बघायचं आहे. मांडवीच्या बाजूला लोक काळा समुद्र म्हणतात, मिऱ्याकडच्या बाजूला पांढरा समुद्र. दोन्ही एकाच गावात.

लाटेच्या वरच्या रेषेपाशी हाताने चार बोटं खोल चर काढा आणि त्याची भिंत तळहाताने सरळ करा. काळे आणि फिके पट्टे एकाआड एक दिसतात. लाट वर येताना सगळे कण आणते, परतताना हलके घेऊन जाते, जड मागे राहतात. काळा पट्टा म्हणजे हे मागे राहिलेले. मुख्यतः इल्मेनाइट, टायटॅनियम आणि लोहाचं ऑक्साइड, सोबत मॅग्नेटाइट. गारेपेक्षा इल्मेनाइट पावणेदोनपट जड, मॅग्नेटाइट जवळजवळ दुप्पट.

आता करवंटी. मूठभर वाळू आणि समुद्राचं पाणी घालून ती तिरकी धरून गोल फिरवा, कडेवरून फिकं पाणी सांडू द्या. पाच-सहा वेळा पाणी बदललं की तळाला गडद काळा गाळ उरतो. करवंटी हातात जड लागते ती तेव्हा. तो गाळ कागदावर पसरून वाळू द्या आणि पिशवीतलं चुंबक वर धरा. काही कण उडी मारून चिकटतात, ते मॅग्नेटाइट. चुंबक अगदी जवळ नेल्यावर आळसात हलतात ते इल्मेनाइट. चुंबक पिशवीतून बाहेर काढलं की चिकटलेले कण आपोआप गळतात. पिशवी न वापरणारा रात्रभर चुंबक घासत बसतो. सकाळी हेदवीच्या दगडाकडे दोऱ्यावरचं चुंबक झुकलं होतं, ते याच कणांच्या ओढीने.

बघून झालं की वाळू किनाऱ्यालाच परत.

काय उचलायचं नाही

किनाऱ्याची वाळू नेणं हा गुन्हा आहे, आणि इल्मेनाइटसारखी खनिजं अणुखनिजांच्या कायद्याखाली येतात. बाटलीभर आठवण म्हणूनही नको. प्रवाळाचा तुकडा, समुद्रपंखा आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, मेलेले असले तरी. किल्ल्यांतला चिरा, खापर, तोफेच्या गोळ्यासारखं काही सापडलं तर फोटो काढून जागेवर ठेवा. वनखात्याच्या जमिनीतून काहीच नाही. खाजगी जमिनीत मालकाला विचारून. मालवणला जाणार असाल तर तिथलं समुद्री अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, तिथे हात खिशात.

मालवणचा विषय निघालाच म्हणून: सिंधुदुर्गाची सहल वेगळी काढा, या दिवसाला जोडू नका. तिकडे दख्खनचा काळा पाषाण संपत जातो आणि त्याच्या खालचे, कितीतरी जुने खडक वर येतात. वेंगुर्ल्याकडे ग्रॅनाइटी नाइस, रेडीला लोहखनिज, कासार्डे-फोंड्याकडे सिलिका वाळू. ते वाचायला वेगळी तयारी लागते.

घरी आल्यावर

किनाऱ्यावरून आणलेला दगड तसाच कपाटात ठेवला तर काही आठवड्यांत त्यावर मिठाची पांढरी बुरशी चढते आणि लोक ती नवं खनिज समजून फोटो पाठवतात. बादलीत गोडं पाणी घ्या, दगड बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवडाभर. मग सावलीत वाळवा. झिओलाइटवर लिंबू, व्हिनेगर, न्हाणीघराचं ॲसिड यांतलं काहीही घालू नका, चमक जाते. जांभा पाण्यात ठेवू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका.

दगडाच्या मागच्या बाजूला व्हाइटनरचा पांढरा ठिपका द्या, तो वाळला की वहीतला क्रमांक त्यावर बारीक लिहा. कागदाच्या चिठ्ठ्या झुरळं खातात, रबराने बांधलेल्या पहिल्या पावसाळ्यात गळतात. वहीच्या त्या पानाचा फोटो काढून गटातल्या सगळ्यांना त्याच रात्री पाठवा, आणि ज्याच्या दगडाची नोंद सापडत नसेल त्याने तो पुढच्या वेळी जाताना हेदवीला परत नेऊन ठेवावा.